डोंगराच्या जरा बाजूला

रेडमंड,
बुधवार, २ फेब्रुवारी २००५

चि. शंतनू,

अनेक आशीर्वाद. मी रागावले आहे म्हणून ते काही परत घेत नाही. आरोही मजेत आहे, मी बरी आहे, आज तुझ्या डब्यात मेथीची भाजी आहे. खुशाली संपली.

एका घरात राहून मुलाला पत्र लिहायची वेळ यावी, याचं मला आधी हसू आलं आणि मग संताप आला. सकाळी तू मोजे घालत फोनवर बोलत असतोस. संध्याकाळी येतोस तो कानाला फोन लावूनच, आणि जेवण झालं की तुमच्या हैदराबादच्या लोकांची सकाळ होते. मधे कुठे शिरायचं माणसाने? म्हणून हे पत्र कॉफीच्या मशीनखाली ठेवते आहे. त्या मशीनला तू रोज न चुकता भेटतोस.

अक्षर एवढं मोठं का, असं विचारशील. तुमच्या घरात एक धड पेन नाही. आश्लेषाचा जाड काळा मार्कर सापडला, तुझ्या ऑफिसचे एका बाजूने कोरे कागद सापडले, त्यावर लिहिते आहे.

आता मुद्दा. मी ऑक्टोबरात आले ते आश्लेषाच्या बाळंतपणासाठी, हे खरंच. नातीला पहिली आंघोळ मी घातली, त्यात सगळं भरून पावलं. पण तिकीट काढताना तू फोनवर काय म्हणाला होतास ते आठव. ‘आई, रेनियरचा डोंगर आमच्या दारात आहे गं. आल्या आल्या घेऊन जातो.’ आल्या आल्या तो दुसरा ज्वालामुखी, सेंट हेलेन्स, वाफा सोडायला लागला. टीव्हीवर दिवसभर तेच. तू म्हणालास, सध्या रिस्क नको. अरे, तो डोंगर वेगळा, हा वेगळा, मधे कितीतरी कोस! भूगोलाच्या शिक्षिकेला हे सांगतोस? मग बाळ झालं. मग तुझ्या ऑफिसचं रिलीज आलं. मग दर शनिवारी सकाळी तू कॉम्प्युटरवर हवा बघायचास आणि म्हणायचास, ‘क्लाउडी आहे यार, कॅन्सल करू. नेक्स्ट वीक नक्की.’

एकदा नेलंस, तेही सांगते. घाटमाथ्यावरच्या पार्किंगमध्ये गाडी थांबवलीस आणि म्हणालास, ‘आई, बघ, स्नो!’ कोपऱ्यात फावड्याने लोटून ठेवलेला काळपट ढीग, त्यावर कुणीतरी कॉफीचा रिकामा कप खोचलेला. तू माझा फोटो काढलास, मग आपण आउटलेटमधून आरोहीचे मोजे आणले आणि घरी आलो.

तुला सातवीचा वर्ग आठवतो का रे? वाईची शाळा, खिडकीतून पांडवगड दिसायचा. मी टेबलावर घरची गोधडी पसरली होती आणि दोन्ही बाजूंनी ढकलून मुलांना दाखवत होते, की जमिनीचे दोन तुकडे असे एकमेकांवर रेटले की मधे घड्या पडतात, त्या वर येतात, आणि असा हिमालय होतो. वली पर्वत. तू तिसऱ्या बाकावर होतास. वर्गात मला ‘बाई’ म्हणायचास. हात वर करून विचारलंस, ‘बाई, तुम्ही बर्फाचा डोंगर बघितलाय का?’ वर्ग हसला. मी म्हटलं, नाही बघितला. तू म्हणालास, ‘मी दाखवीन.’ सातवीतल्या मुलाचं बोलणं कुणी धरून बसत नाही. मी बसले.

पुलावरून जाताना परवा आश्लेषा ओरडली, ‘आई, बघा बघा, दिसतोय! माउंटन इज आउट!’ तू गाडीचा वेगही कमी केला नाहीस. मला काही दिसला नाही. पुलाचा कठडा मधे आला असेल, किंवा ढग. तुम्ही दोघं दिसला म्हणता म्हणजे असेल.

आणि तू आश्लेषाला म्हणालास म्हणे, की आई हल्ली रागाने माझ्याकडे बघतसुद्धा नाही, तोंड फिरवून बोलते. रागावले आहेच मी. पण उगाच मनचं काही ठरवू नकोस.

एक काम कर. बाथरूमच्या दाराची चौकट मधेच वाकल्यासारखी दिसते आहे. एकदा बघून ठेव.

येता शनिवार मी मोकळी आहे. तू?

तुझी
आई

*

रेडमंड,
गुरुवार, १० मार्च २००५

चि. शंतनू,

आशीर्वाद. आज खुशाली नाही.

दुपारी लतिकामावशीचा साताऱ्याहून फोन आला. तिच्या आवाजात नुसता आनंद. ‘ताई, किती सुंदर फोटो गं! डोंगर काय, बर्फ काय! आम्ही सगळ्यांनी सायबर कॅफेत जाऊन बघितला. पण मला सांग, एवढ्या बर्फात तू चंद्रकळा नेसून आणि चपला घालून कशी गं गेलीस?’

मला आधी काही कळेना. मग कळलं. संक्रांतीला देवळाच्या पायऱ्यांवर तू माझा फोटो काढलास, त्यातून मला कापून काढलंस आणि रेनियरच्या पुढ्यात नेऊन चिकटवलंस. खाली लिहिलंस, आईचं स्वप्न पूर्ण. आणि सगळ्या नातेवाइकांना धाडून दिलंस.

लतिका भोळी आहे. ती म्हणाली, नशीब काढलंस हो ताई. मी ‘हो’ म्हटलं आणि फोन ठेवला. सख्ख्या बहिणीशी खोटं बोलले, तुझ्यामुळे. त्याचा राग वेगळा.

संध्याकाळी विचारलं तर तू काय म्हणालास? ‘अगं, सगळे विचारत होते यार, आईला रेनियर दाखवला का म्हणून. आपण जाणारच आहोत ना! तोपर्यंत प्लेसहोल्डर आहे तो.’ वर हसलास. म्हणजे काय, तेही मला समजावून सांगितलंस: खरी वस्तू तयार होईपर्यंत तिच्या जागी खोटी ठेवायची, काम अडत नाही. तुमच्या धंद्यात चालत असेल, शंतनू. मी कुणाच्या जागी ठेवलेली वस्तू नाही. आणि तो डोंगर तर नाहीच नाही.

त्या डोंगराला तसा उभा राहायला किती काळ लागला, माहीत आहे तुला? पाच लाख वर्षं. गोधडीच्या घड्या नव्हेत त्या, हा निराळा. समुद्राचा तळ जमिनीखाली सरकतो, खोल गेल्यावर वरचा खडक वितळायला लागतो आणि तो रस वर येतो. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच आहे, पण तो लाव्हा पातळ होता, घावनाच्या पिठासारखा पसरत गेला, म्हणून आपले डोंगर माथ्यावर सपाट. पाचगणीचं पठार बघ. इथला लाव्हा घट्ट, पिठल्यासारखा, जिथे पडला तिथेच बसला. त्यावर राख, त्यावर पुन्हा लाव्हा. असा थरावर थर चढत तो एवढा उंच गेला, की वरचा बर्फ उन्हाळ्यातही वितळून संपत नाही. त्या उंचीलाच आम्ही हिमरेषा म्हणायचो. एवढं सगळं झालं, आणि तू त्याला माझ्या पाठीमागे पडद्यासारखा लावून मोकळा झालास.

आता तू म्हणशील, वर बर्फ आणि आत आग, आई, अगदी तुझ्यासारखा. म्हणू नकोस. वर्गात दरवर्षी कोणीतरी हुशार मुलगी ते निबंधात लिहायची, मला त्याचा कंटाळा आला आहे.

वादात तू एक गोष्ट म्हणालास, ती मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. ‘पण आई, पाठवायच्या आधी मी तुला स्क्रीनवर दाखवला होता. तू छान म्हणालीस!’ दाखवला होतास. मी छान म्हणाले होते. त्यावर मी उठून आत गेले, आणि तुला वाटलं तू जिंकलास. चष्मा नव्हता, असं धरून चाल. तो प्रश्न आत्ता बाजूला ठेव.

चौकट सरळ आहे म्हणालास. बरं.

आता दुसरं. आश्लेषाकडून कळलं की तू माझं एप्रिलचं तिकीट कॅन्सल केलंस आणि माझ्या मुक्कामाला एक्स्टेंशन मागणारा अर्जही धाडलास. मला न विचारता! सहीचा कागद तू पुढे केलास आणि इन्शुरन्सचा आहे म्हणालास. मी तुझ्यावर भरवसा टाकून सही केली. तू म्हणतोस, ‘जुलैमध्ये रस्ते ओपन होतात, फुलं असतात, तेव्हा आरामात जाऊ. आणि आरोहीचाही प्रश्न सुटतो.’ प्रश्न आरोहीचा आहे, डोंगर आपला सोबत घातलास. नातीला सांभाळायला मी कधी नाही म्हटलं नाही. विचारलं असतंस तर पुन्हा आले असते. पण जुलैपर्यंत थांबायला मला सवड नाही.

का नाही, ते विचारू नकोस. पुण्याला माझं काम आहे. मी ठरल्या तारखेला जाणार आणि जायच्या आधी डोंगर बघणार. कोण नेतं ते बघतेच आता.

तो फोटो परत बोलव. परत येत नसेल तर सगळ्यांना लिही की खोटा होता.

आई

*

रेडमंड,
बुधवार, ६ एप्रिल २००५

चि. शंतनू,

आशीर्वाद. बातमी अशी की मी डोंगर बघून आले.

तू सकाळी गेलास आणि मागोमाग रेखाताई गाडी घेऊन दारात. देवळात भेटतात त्या, निवृत्त डॉक्टर, पस्तीस वर्षांपूर्वी इथे आलेल्या. मी आश्लेषाला कालच स्पष्ट सांगितलं होतं, उद्या मी नाही. तिने ऑफिसला घरून काम करते म्हणून कळवलं आणि मला म्हणाली, ‘आई, जा तुम्ही. शंतनूला मी बघते.’ स्वतःचा जाड कोट माझ्या अंगावर चढवला, चपला काढायला लावल्या आणि बूट घातले. तुझी बायको शहाणी आहे, तिला जप.

रेखाताईंच्या डिकीत चाकांना बांधायच्या साखळ्या होत्या, पाण्याचे कॅन होते, आणि डब्यात दहीभात. मी म्हटलं, तुम्हाला जमेल ना हो एवढं लांब? त्या म्हणाल्या, ‘बसा हो सुमित्राबाई. तुमचा मुलगा जन्मला नव्हता तेव्हापासून ड्राइव्ह करतेय मी स्नोमध्ये.’ इथे पावसाची बुरबुर होती. पण तिकडे जंगल लागलं, रस्ता आपल्या पसरणीच्या घाटासारखा वळणं घेत चढू लागला, आणि एका वळणावर आम्ही ढगाच्या वर निघालो. खाली सगळा ढग, वर निळंभोर आभाळ. इतके महिने तू खालून हवा बघत होतास. वर ऊन पडलं होतं.

पॅरेडाइज नावाच्या जागी गाडी थांबली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माझ्याहून उंच बर्फाच्या भिंती. यंदा फार कमी आहे, असं तिथला माणूस म्हणाला. रेखाताईंनी माझा दंड धरला, मोकळ्यावर नेलं आणि म्हणाल्या, ‘हं. समोर बघा.’

मी समोर बघितलं. समोर डोंगर नव्हता.

आता सांगते. फळ्यावरचं चित्र मधेच डस्टरने पुसावं तसं मला दिसतं, शंतनू. कडेचं सगळं दिसतं, मधलं नाही. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे. उजवा गेल्यातच जमा आहे, डावा मागोमाग निघाला आहे. याला चष्मा चालत नाही. इथे यायच्या आधीच पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की सरळ रेघ वाकडी दिसायला लागली की लगेच या. दाराची चौकट मला वाकडी दिसली ती त्यामुळे. मार्कर घेतला तो त्यामुळे. माझा स्वतःचा चंद्रकळेतला फोटो बघून मी छान म्हणाले ते त्यामुळे. पुलावर डोंगर दिसला नाही तो कठड्यामुळे नव्हे.

तुला का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून मी या घरात पेशंट झाले असते. आरोहीला माझ्या हातात देताना तुम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं असतं. आणि तू मला डोंगराकडे नेलं असतंस ते बिचारी म्हणून. मला दया नको होती. मला डोंगर हवा होता. शब्द दिलेला मुलगा शब्द पाळतो की नाही, ते मला डोळे मधे न घालता बघायचं होतं.

नाही पाळलास. आणि मला खरा राग कशाचा आहे, तेही ऐक. डोंगराचा राहू दे. रेखाताईंनी मला देवळात पहिल्या भेटीत ओळखलं. म्हणाल्या, ‘तुम्ही माझ्या कानाकडे बघून बोलताय. डोळे तपासलेत का?’ पहिल्या भेटीत! त्यांनीच गेल्या आठवड्यात मला ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, गेलंय ते परत यायचं नाही, पण राहिलंय ते राखता येईल, उशीर करू नका. परतताना रेखाताई मला गाडीत एवढ्या रागावल्या की तुझ्या वाटणीचं सगळं बोलून झालं. आणि तू रोज माझ्या हातचं जेवतोस, माझ्यासमोर बसतोस. तू काय बघितलंस? आई तोंड फिरवून बोलते, एवढंच.

मी तिथे बर्फात उभी राहिले आणि मला रडू फुटलं. इतकी वाट बघून यावं आणि नेमका तोच पुसलेला असावा! मग चिडून मी मान फिरवली, डावीकडे एक काळपट सूचिपर्णी झाड होतं त्याच्याकडे बघायला लागले. आणि उजव्या कडेने तो आला.

सगळा आला, शंतनू. झाडावर नजर ठेवली की तो दिसतो. त्याच्याकडे वळले की जातो. मग मी हट्टाने झाडालाच धरून राहिले. केवढा आहे तो! आभाळाचा अर्धा भाग त्यानेच घेतलेला. बर्फ पांढरा असतो असं मी मुलांना शिकवलं, ते अर्धंच खरं. उन्हातला पिवळसर, सावलीतला जांभळा, आणि हिमनदीला जिथे भेगा पडल्यात तिथे आतून निळा. बर्फावर बर्फ पडत राहतो, खालचा दबत जातो, त्यातली हवा निघून जाते आणि त्याचा घट्ट निळा गोळा होतो, मग तो स्वतःच्याच वजनाने उतरायला लागतो. हे सगळं मी पाठ म्हणून दाखवायचे. तिथे ते समोर चाललं होतं. माथ्यावरून वारा बर्फाची धूळ उडवत होता. त्याचा सगळ्यात वरचा माथा म्हणे काही हजार वर्षांपूर्वी ढासळून चिखलाबरोबर वाहून गेला. आता जो आहे तो उरलेला डोंगर. उरलेलाच एवढा आहे!

मग कुठेतरी वर बर्फ तुटल्याचा आवाज झाला, लांबून ढोल वाजावा तसा. रेखाताई म्हणाल्या, ‘ऐकलंत?’ ऐकलं. कान ठणठणीत आहेत माझे.

तिथल्या इमारतीच्या भिंतीचा दगडही हात लावून बघितला. करडा, खरखरीत. आपल्या पांडवगडच्या दगडाचा सख्खा नाही, पण चुलत निघाला. दहीभात खाल्ला. फोटो काढला नाही. रेखाताईंनी कॅमेरा आणला होता, मी नको म्हटलं.

आता माझं ऐक. माझं तिकीट काढ, ठरलेल्या तारखेचं, आणि अर्ज मागे घे. आरोहीला दुपारपर्यंत रेखाताईंच्या ओळखीच्या एक बाई सांभाळतील, आश्लेषाशी बोलणं झालं आहे. लतिकाला मी सगळं खरं सांगितलं आहे, फोटोचंही आणि डोळ्यांचंही. बाकीच्यांना तू लिहायचंस. तुझा शब्द मात्र मी सोडवून दिलेला नाही. मी डोंगर बघितला तो रेखाताईंच्या गाडीतून, तू दाखवलेला नाहीस. पाच वर्षं झाली तुला इथे, तू स्वतः तरी तिथे जाऊन उभा राहिला आहेस का? या शनिवारी पाडवा आहे. सकाळी गुढी उभारू आणि निघू. हवा बघायची नाही. ढग असला तर ढगातून वर जायचं.

मी अजून रागावलेलीच आहे, यात शंका ठेवू नकोस. इतक्यात जाणारा राग नाही हा. पण एक कळलं पाहिजे तुला. आरोही हसते ते मी तिच्या कानाच्या पाळीकडे बघून बघते. तुझा चेहराही मी तसाच बघते, ऑक्टोबरपासून. सरळ बघितलं तर तुझा शर्ट दिसतो, कान दिसतात, आणि मधे कोणी नसतं. डोळ्यांखाली काळं आलंय तुझ्या, दाढी नीट होत नाही, बाबांसारखा थकलेला दिसायला लागला आहेस. हे सगळं मी बघितलेलं आहे.

तेव्हा उद्या सकाळी मी भिंतीकडे तोंड करून तुझ्याशी बोलले तर उठून जाऊ नकोस. मी तुझ्याकडेच बघत असेन.

तुझी
आई